दादाचा निरोप

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा एकदा वाटलं, तिच्या कानात सांगून टाकावं — पण अर्धांगानं तिची जीभ जड झालेली, ती मला काय बोलणार होती? आणि ती बोलू शकणार नाही म्हणून सांगायचं, तर ते सांगणं कसलं? आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या रिहे गावचे नाही. कुसुमवहिनी तुम्हाला कधी भेटणार नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शेतावरच्या मोटारीचा शॉक लागून दादा गेला, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्यांची स्वाती दोन वर्षांची. मी एकोणीसची, पौडला कॉलेजात जायचे. घरात आबा, म्हणजे आमचे वडील, आणि खाटेला खिळलेली आई. आईचं सगळं — अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं — वहिनीच करायची. हे आधीच सांगून ठेवते. का, ते कळेलच.

दादा गेल्यावर आम्ही सगळे त्याची वाट बघायला लागलो. स्वप्नात. गेलेलं माणूस स्वप्नात येतं, मनातलं सांगून जातं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. दहाव्याला कावळा शिवायला दुपार झाली होती, म्हणजे दादाचं काहीतरी मागे राहिलंय हे ठरूनच गेलेलं. सकाळी चुलीपाशी आबा विचारायचे, "कुनाला दिसला का?" आबांना एकदा दिसला, पाठमोरा. आईलाही दिसला असावा, ती खुणेनं सांगायची. वहिनी मान हलवायची — नाही. रोज नाही.

वर्ष सरलं आणि वहिनीच्या मामांनी एक स्थळ आणलं. जांबे गावचा माणूस, पिठाची गिरणी होती, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. पोरीसकट नांदवतो म्हणाला. भावकी कुजबुजली, पण आबा ठाम राहिले. "तिचं वय काय हाय? जाऊ द्या तिला." वहिनी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण त्या आठवड्यात तिनं न्हाऊन केसांना तेल लावलं, कितीतरी महिन्यांनी. ते मी पाहिलं. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नसेल.

आणि मी काय विचार करत होते? ती गेली तर आईची कूस कोण बदलणार? भाकऱ्या कोण थापणार, भातलावणीला कोण वाकणार? मीच. म्हणजे कॉलेज सुटलं. मला शिक्षिका व्हायचं होतं, रिह्यातून बाहेर पडायचं होतं. आबांना हे सरळ बोलले असते, तर त्यांनी काही वाट काढली असती का? माहीत नाही. मी बोललेच नाही.

मामा सुपारी फोडायला यायचे होते त्या सकाळी मी चुलीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले — दादा आला होता.

आला नव्हता. माझ्या स्वप्नात दादा कधीच आलेला नाही, तेव्हाही नाही आणि आजपर्यंत नाही.

मी म्हणाले, तो दारात उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, तिला जाऊ देऊ नका, माझी पोर परक्याच्या दारात वाढंल. इथवर आबा नुसते ऐकत होते. वहिनीनंही पिठातले हात काढले नव्हते. मग मी — कसं सुचलं मला? — म्हणाले, निळ्या चौकड्यांचा सदरा घातला होता त्यानं.

तो सदरा वहिनीनं तांदळाच्या कणगीमागे लपवून ठेवला होता. दादाचे बाकीचे कपडे वाटून टाकले होते, हा तेवढा तिनं मागे ठेवलेला. मला ते ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. सदऱ्याचं नाव निघालं आणि तिनं पिठातले हात बाहेर काढले. आई खाटेवरून रडायला लागली. मामा आले तेव्हा वहिनीच ओट्यावर गेली. "च्या घेऊन जावा मामा. मला न्हाई जायचं कुटं." आबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना संशय आला होता का? ते कधी बोलले नाहीत, आणि आता तेही नाहीत.

मी शिकले. शिक्षिका झाले, लग्न होऊन पुण्यात आले. आईचं पुढचं सगळं वहिनीनं केलं. आबांचंही.

खोटं तिथेच संपलं असतं तर? पण ते संपेना. मी माहेरी गेले की वहिनी मला परसात न्यायची आणि हळूच विचारायची, "वन्सं, आले व्हते का?" पुढे फोन आले, मग फोनवर. एकदा मी म्हणाले, नाही आले. तिनं तीन दिवस अन्न घेतलं नाही — माझं काय चुकलं, म्हणत राहिली. त्यानंतर मी सांगत गेले. आला होता, हसत होता. स्वातीला शिकव म्हणाला. ती माझ्यामार्फत त्याला विचारू लागली: स्वातीला पुण्याला ठेवू का, गाय विकू का. मी आठवडाभरानं उत्तर द्यायचे. काय करायला हवं होतं मी? थांबले तर ती उपाशी, सांगितलं तर ती आणखी बांधलेली. खरं सांगायचं — हा तिसरा रस्ता मला रोज दिसायचा.

तिचं एकच दुखणं होतं. "तुमच्याकडं येत्यात. माज्याकडं का न्हाई?"

गेल्या दिवाळीत मी रिह्याला गेले होते. वहिनी आता बेचाळीसची आहे, एकटीच असते. स्वाती नोकरीमुळे हिंजवडीकडे खोली घेऊन राहते. सकाळी मी परसात गेले तर वहिनी भांडी घासता घासता माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला लग्नानंतरच्या दिवसांतच पाहिलं होतं.

"वन्सं, आले! पहाटं आले. माज्याकडं."

बांधावर उभे होते म्हणाली. तरणेच होते. जवळ आले, तिचे पांढरे केस बघितले आणि म्हणाले — "कुसुम, तू अजून हितंच? मला वाटलं जांब्याला गेली असशील. बरं वाटलं असतं मला."

एवढं सांगून तिचं हसू हळूहळू उतरलं. मला म्हणाली, "मंग तुमाला तसं का म्हनले व्हते?"

तिनं राखेचे हात तसेच धरले होते. तिच्या आवाजात संशय नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती मला विचारत होती. परसात आम्ही दोघीच. सांगायला याहून चांगली वेळ कुठली असणार होती?

मी म्हणाले, "वहिनी, स्वप्नाचं काय घेऊन बसलात. तुमच्याच मनातलं असेल ते."

अठरा वर्षांत एकदा आला तो तिच्याकडे. तेवढंही मी ठेवलं नाही.

"व्हय," ती म्हणाली, "माजंच मन." आणि पातेलं घासायला लागली.

त्यानंतर तिनं मला विचारलेलं नाही. मी रविवारी फोन करते. ती भाताचं सांगते, स्वातीचं सांगते, माझ्या मुलांची चौकशी करते, आणि फोन ठेवते.