ड्रायव्हरने जोडलेला कॉम्प्युटर

सत्तावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला घरात बसवून ठेवणं म्हणजे काय, ते ड्रायव्हरच्या बायकोला विचारावं. अर्धांगवायूच्या झटक्यातून तो उठला, हिंडू-फिरू लागला, पण डावा हात काही पहिल्यासारखा होईना. नोकरी सुटली. मग खिडकीत बसून तो खालून जाणाऱ्या प्रत्येक बसला नावं ठेवू लागला. "ब्रेक बघ कसा मारतोय! आत माणसं आहेत की बटाटे?" ऐकून ऐकून बायकोचे कान किटले.

शेवटी मुलीने तोडगा काढला. कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम असतो, त्याला खरंखुरं स्टिअरिंग जोडता येतं. हाताला व्यायाम आणि जिवाला विरंगुळा म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनीही मान डोलावली. प्रश्न एवढाच उरला, की गेमिंगचा कॉम्प्युटर तयार घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा?

"जोडू या बाबा," मुलगी म्हणाली. "हवा तसा होईल, पुढे एखादा भाग बदलताही येईल."

"छे, तयारच बरा. बिघडला तर एकाच दुकानदाराच्या मानगुटीवर बसता येतं."

बोलणं खोटं नव्हतं, पण खरं कारण त्याने पोटातच ठेवलं. शर्टाचं बटण लावताना ज्याच्या नाकी नऊ येतात, तो ते बारीक स्क्रू काय लावणार?

दुकानातला तयार कॉम्प्युटर रंगीत दिव्यांनी लखलखत होता. दुकानदार सगळं मुलीलाच समजावत होता; ड्रायव्हर जणू तिने सोबत आणलेली पिशवी.

"आत पॉवर सप्लाय कुठला आहे?" ड्रायव्हरने मध्येच विचारलं. आठवडाभर व्हिडिओ पाहून त्याने डोळे लाल केले होते.

"चांगलाच आहे, काका."

"चांगला म्हणजे कुठला? उघडून दाखवा की."

"सील तुटलं तर वॉरंटी जाते," दुकानदार म्हणाला आणि मुलीकडे पाहून हसला. "काकांना कशाला हवंय एवढं?"

तेल, पाणी, ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय ड्रायव्हरने कधी डेपोतून गाडी हलवली नव्हती. मेकॅनिक करवादायचे, पण हा हटायचा नाही.

"चल," तो मुलीला म्हणाला. "जोडूच आपण."

घरी येईपर्यंत राग ओसरला आणि ते बारीक स्क्रू पुन्हा डोळ्यांपुढे नाचू लागले.

मुलीने भाग निवडून मागवले आणि ती आपल्या नोकरीच्या गावी परत गेली. ड्रायव्हरने जेवणाचं टेबल अडवलं. चार दिवस नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवले. उजव्या हाताने तो स्क्रू पिळायचा, डाव्याने कसाबसा खोका धरायचा. प्रोसेसर बसवायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने हात टेकले. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. नाजूक काचसामान हाताळण्यात तिचा जन्म गेला होता. "सरका बाजूला," म्हणत तिने तो चौकोनी तुकडा अलगद जागेवर ठेवला.

रविवारी दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळाच! ड्रायव्हरचा चेहरा पडला. बायकोने मुलीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"बाबा, मेमरीच्या पट्ट्या लावताना खट्‌ असा आवाज आला होता ना?"

आवाज आला नव्हता, हे ड्रायव्हरला कालच कळलं होतं. डाव्या अंगठ्यात जोरच नव्हता, आणि सारखं सारखं बायकोला हाक मारायची लाज वाटली होती.

"नाही आला," तो शेवटी म्हणाला. "माझ्याने दाबलंच गेलं नाही गं."

"अहो, मग सांगायचं ना!" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मुलीने आधी विजेची वायर काढायला लावली. मग बायकोने पट्टीचं एक टोक धरलं, ड्रायव्हरने दुसरं, आणि दोघांनी मिळून दाबलं. खट्‌! दुसरीही तशीच बसली. पुन्हा बटण दाबताच स्क्रीनवर अक्षरं उमटली. ड्रायव्हरने चष्मा काढून डोळे पुसले आणि चष्म्यावर धूळ बसल्याचं सांगितलं.

स्टिअरिंग जोडून गेम सुरू केला, तर पहिल्याच फेरीत त्याने बस फुटपाथवर चढवली. बायको हसून हसून लोटपोट झाली. तो आधी घुश्शात आला, मग स्वतःही हसला, आणि डावा हात पुन्हा स्टिअरिंगवर नीट ठेवून म्हणाला, "हसू नकोस गं. पुढच्या स्टॉपला माणसं थांबलीत."