डबीतलं माहेर

मुलांनो,

रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, की हिवाळ्यात इकडे आल्यावर घरगाडी भाड्यानं घेऊन फिरायचं, तर वाट दाखवायला फोन पुरेल, की आजोबांच्या जुन्या यंत्रात नवा नकाशा भरून घ्यायचा. तुमच्या बाबांनी तर ते संगणकाला कसं जोडायचं हेही मला समजावलं. मी म्हटलं, लिहून कळवते. तुम्हाला वाटलं असेल, आजीला असल्या गोष्टी कागदावर बऱ्या वाटतात. तसं नाही. नवा नकाशा भरला की जुना जातो. तो मी का जाऊ देणार नाही, हे मला बोलून सांगता आलं नसतं.

आधी कामाचं सांगते.

निवृत्त झाल्यावर आजोबांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि देऊळघाटच्या सुताराकडून आत दोन बाकं, एक ओटा आणि कपाटं करून घेतली. टपावर पाण्याची टाकी बसवली. सुरुवातीला आम्ही फोनच्या भरवशावर निघायचो. फोन चांगला, पण त्याला वाटतं की आपल्यामागे येणारा माणूस मोटारसायकलवर आहे. वरवट बकालच्या पुढे त्यानं आम्हाला जवळची वाट म्हणून पांदणीत घातलं. दोन वावरांमधली बैलगाडीची वाट ती, काळ्या मातीची, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. चाकं रुतली. ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस आधी गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"काऊन हो काका, एवढी मोठी गाडी वावरात पेराले आनली काय?"

"फोननं सांगितलं," आजोबा म्हणाले.

"मंग फोनलेच ढकलाले लावा."

सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज जाते, तेव्हा फोन गप्प बसतो. आणि त्याला गाडीची उंची कळत नाही. नांदुऱ्याकडे रेल्वेच्या रुळांखालून जाणाऱ्या एका बोगद्यापाशी त्यानं आम्हाला नेऊन उभं केलं. समोर आडवा लोखंडी बार, मागे गाड्यांची रांग, आणि सगळ्यांचे हात हॉर्नवर. आजोबा इंच इंच मागे घेत होते आणि मी खाली उतरून हातवारे करत होते. हे ऐकून तुमच्या बाबांनी ते यंत्र पाठवलं. त्यात गाडीची उंची-रुंदी भरायची, मग ते बुटक्या बोगद्याकडे नेतच नाही. नकाशा आतच असतो, रेंज लागत नाही. तुम्ही असंच एखादं घ्या, नवीन. उंची मोजताना टपावरचं सगळं धरून मोजा. फोनही ठेवा, पुढची गर्दी आणि पेट्रोलपंप तोच चांगला दाखवतो. आणि फाट्यावर काच खाली करून विचारायला लाजू नका. एवढं लक्षात असू द्या, की आपल्याकडची माणसं नसलेल्या गोष्टींवरून वाट सांगतात. कापसाच्या जिनिंगपासून वळा म्हणतील आणि तिथे जिनिंग नसेल, कधीच पाडून झालेली असेल. मला याचा फार राग यायचा. आता येत नाही.

यंत्र आलं त्या उन्हाळ्यात तुम्ही इथे होतात. थोरले, ते तूच चालू करून दिलंस. त्यानं घराचा पत्ता मागितला, म्हणून तू नकाशा माझ्यापुढे धरलास. "आजी, तुझं घर कुठंय? बोट ठेव." मी बोट ठेवलं ते पूर्णा नदीच्या वळणावर, माझ्या माहेरच्या गावावर. विचार केला नाही, बोट आपोआप गेलं. आजोबा केवढे हसले. "बघ, सगळा जन्म माझ्याबरोबर बुलढाण्यात काढला आणि हिचं घर अजून तिथंच." तू बदलायला निघालीस तर तेच म्हणाले, राहू दे. बुलढाण्याला परत यायला कुणाला यंत्र लागत होतं?

आम्ही त्या यंत्राला डबी म्हणायचो. आतली बाई इंग्रजीत बोलायची आणि आजोबा तिला मराठीत उत्तर द्यायचे. "हो बाई, वळतो. धीर धर."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं, मग दिवस. तुम्हाला फोनवर ते कळू नये म्हणून ते थोडंच बोलायचे आणि लवकर फोन माझ्याकडे द्यायचे. गाडी मात्र ते उत्तम चालवत. हातांना सगळं आठवत होतं. किल्ली काढून घ्यावी असं डॉक्टर म्हणत होते, मी पुढे ढकलत होते. मी माझी एक लाल टिकली डबीच्या कडेला, घराच्या चित्राशेजारी चिकटवली आणि त्यांना सांगितलं, वाट चुकल्यासारखं वाटलं तर टिकलीशेजारी बोट दाबा.

एक दिवस जेवण झाल्यावर ते डिझेल भरून येतो म्हणून गेले आणि आले नाहीत. पंप आपल्या घरापासून दिसतो. त्यांचा फोन टेबलावर चार्जिंगला होता. पंपावरचा मुलगा म्हणाला, काका टाकी भरून घाटाकडे गेले. मी तुमच्या बाबांना फोन लावणार होते, तेवढ्यात हाताला टिकल्यांचं पाकीट लागलं, आणि डबीत घर कुठलं भरलंय ते आठवलं.

त्या गावाचं काय झालं होतं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. पूर्णेवर धरण होत होतं. गावाला उंचावर नवी जागा मिळाली होती आणि माझी वहिनी, माझ्या गेलेल्या भावाची बायको, तिकडे राहायला गेली होती. मी भाड्याची कार करून निघाले. फोनवर गावाचं नाव टाकलं. घाट उतरलो, मोताळा, नांदुरा मागे पडलं, आणि फोननं मला बरोबर नेऊन पोचवलं. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, कोवळी झाडं. नाव तेच. आपली गाडी कुठेही नव्हती.

वहिनी दारात तूर निवडत होती. "जवाईबुवा? इकडं तं नाई आले, बाई. गाडी आली असती तं सारं गाव पाहाले निंगालं असतं."

तेव्हा मला उमगलं. फोनला नवं गाव माहीत होतं. डबीला माहीत नव्हतं. तिच्या नकाशात गाव अजून नदीवरच होतं.

"जुन्या गावात गेले ते," मी म्हटलं. "पाणी किती आहे?"

वहिनीनं सूप खाली ठेवलं. "मारुतीच्या मांगं आलं हाये. चाल लवकर."

फोनवर पुढे रस्ताच नव्हता, नुसता हिरवा रंग. वहिनी ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.

"थे पाटलाची चिंच आली का डावीकडं घे."

"मावशी, चिंच कुठं दिसून राह्यली?"

"तोडली ना बापा. पन वळाचं तं तिथंच."

तोडलेल्या चिंचेपासून आम्ही वळलो. मग शाळेवरून सरळ गेलो, शाळा नव्हती. रहाट होता तिथून उजवीकडे. एकदाही ती चुकली नाही. मी काचेतून बघत होते, आणि ती ज्याचं ज्याचं नाव घेई ते मला दिसत होतं.

गाव उभं होतं, पण कुणी तरी आतून काढून घेतल्यासारखं. जाताना लोकांनी दारं, चौकटी, पत्रे, सगळं नेलं होतं. राहिल्या होत्या भिंती, आणि भिंतींत दिव्यानं काळे झालेले कोनाडे. मागे राहिलेली कुत्री रस्त्यावर बसली होती. ती भुंकली नाहीत, नुसती बघत राहिली. गल्लीच्या टोकाला, मारुतीच्या देवळामागे, पाणी होतं. त्याला आवाज नव्हता. नदी इतक्या जवळ मी कधी पाहिली नव्हती.

आणि आमच्या घरासमोर गाडी उभी होती, नीट, कडेला लावलेली. आजोबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. डबीच्या पडद्यावर लिहिलेलं होतं, तुम्ही पोचलात.

"झालं का बोलणं?" मला पाहून ते म्हणाले. "उन्हं कलली बघ."

"तुम्ही दुपारपासून इथेच?"

"तुला न्यायला आलो. म्हटलं बसू दे जरा, माहेर आहे." मग आवाज खाली आणून, थोडे दुखावल्यासारखे म्हणाले, "पण कुणी बाहेर आलं नाही गं. बोलावल्याशिवाय कसं उतरायचं?"

तेवढ्यानं ते वाचले. सासुरवाडीला जावई घरात असा जात नाही. आतून कुणी तरी तांब्याभर पाणी घेऊन येतं, पाय धुवा म्हणतं, मग तो उतरतो. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हाही असेच बसून राहिले होते, बैलांच्या दमणीत, माझा भाऊ पाणी घेऊन येईपर्यंत. कुणी आलं नाही, म्हणून ते उतरले नाहीत. उतरले असते तर मला शोधत गल्लीच्या टोकापर्यंत गेले असते.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, गाडीत चढली, आपल्याच टाकीतून तांब्या भरून घेतला आणि दार नसलेल्या त्या घरात गेली. क्षणभर ती दिसेनाशी झाली. मग डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, उंबरा होता त्या जागेवरून पाय उचलून, जसा आम्ही सगळ्या उचलायचो.

"या जवाईबुवा. लय वाट पाहाले लावली तुमाले. पाय धुवा."

आजोबांचा चेहरा उजळला. ते उतरले. तिनं पायांवर पाणी घातलं. "घरी सारे बरे?" त्यांनी विचारलं.

"हाव, सारे बरे हायेत," वहिनी म्हणाली. मागे भिंतींखेरीज काही नव्हतं. "चहा टाकला असता, पन बाई म्हंते उशीर होते. न्या आता तिले."

आजोबांनी मला नेलं. गाडी तेच चालवत होते. मी डबी बंद करून मांडीवर घेतली आणि बुलढाण्यापर्यंत प्रत्येक वळण मी सांगितलं. "हो बाई, वळतो," ते म्हणत राहिले. वहिनी भाड्याच्या कारमधून नव्या गावी गेली. ती नंतर एवढंच म्हणाली, की आत गेल्यावर तिला तूप कढल्याचा वास आला आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे. पुढच्या वर्षी आजोबा गेले, आपल्या अंथरुणात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या दिवसांत ते एकदा म्हणाले, तुझ्या माहेरची माणसं फार चांगली, पाणी घेऊन लगेच येतात.

कधी कधी मी संध्याकाळी डबी खिडकीत ठेवून वायर लावते. ती थोडा वेळ चाचपडते. मग मी टिकलीशेजारी बोट दाबते आणि ती बाई रिकाम्या खोलीत बोलू लागते. निघा म्हणते, पुढे डावीकडे वळा म्हणते, पोचायला किती वेळ लागेल तेही सांगते. मी निघत नाही. वाट शेवटपर्यंत काढून दाखवते ती, मारुतीपर्यंत, थोडीही कचरत नाही. मला भीती वाटत नाही असं नाही. पण बंद करायला हात पुढे होत नाही.

तेव्हा तुम्ही नवीन घ्या. घराच्या जागी काय भरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

गाडी विकली. मारुती पाण्याखाली गेला. वहिनी नव्या गावात आहे आणि तिला सगळी वळणं येतात. डबी माझ्याजवळ आहे, चालू आहे, टिकलीचा रंग उडालाय पण ती निघालेली नाही, आणि घर अजून पूर्णेच्या वळणावर आहे.