चादरीचं शीड

आमच्या मास्तरांना पाण्याचं वेड, आणि जन्म कुटं, तर सोलापुरात! देवाच्या अकलेला काय म्हणावं? शाळेत ते कवायत शिकवायचे. तेहतीस साली त्यांनी गिरणीकामगारांची बारा पोरं गोळा करून बालवीर पथक काढलं. पोरांच्या गळ्यात रुमाल, हातात काठी, आणि स्वतः मास्तर अर्ध्या चड्डीत. गल्लीतल्या बाया पदराआड हसायच्या. हसू देत बापड्या. मला माझा नवरा चड्डीत लई रुबाबदार दिसायचा.

पाठीला वाळके भोपळे बांधून त्यांनी पोरांना आधी विहिरीत पोहायला शिकवलं. मग माळामाळानं होटगीपर्यंत चालवलं, रानात तीन दगड मांडून भाकऱ्या करायला लावल्या. तरी जिवाला स्वस्थता न्हाय. हिप्परग्याच्या तलावावर ईरप्पा कोळ्याची नाव मागून घेतली आणि म्हणाले, "आता शिडावर जायचं."

हेडमास्तरांना धडकी भरली. "रविवारी मी स्वतः येतो," ते म्हणाले. "बांधापासून समोरच्या काठापर्यंत शिडावर गेलात तर ठीक. नाहीतर रुमाल कपाटात आणि पथक बंद."

शुक्रवारी मास्तरांनी नाव पाण्यात घालून बघितली. आता शीड कशाचं करावं माणसानं? सोलापूरकर ते! घरातली जाडजूड चादर बांबूला बांधली. लाटांचं पाणी उडालं, चादर ते पिऊन दगडासारखी जड झाली आणि नाव कलंडली. पोरं पोहून काठाला लागली म्हणून बरं.

मास्तर निथळत घरी आले. "संपलं सगळं," म्हणाले आणि ओली चादर कोपऱ्यात टाकली. पण माझं तोंड, ते गप कसं बसणार?

"अहो, चादर थंडीत पांघरायची असती! विणकराची लेक घरात हाय, तिला इचारायला काय झालं हुतं?"

"मग कशाचं करू?"

"तुमची धोतरं आणा. दोन्ही."

"आणि मी नेसू काय?"

"चड्डी हाय की!"

नुसत्या धोतरातून वारा आरपार जाणार, हे मलाबी कळत हुतं. पण माझ्या माहेरी मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतात. मी चिंचोके शिजवून तशीच घट्ट खळ केली, दोन्ही धोतरं एकावर एक घालून चोपडली आणि अंगणात ताणून वाळवली. विणीतली भोकं बुजली, टिचकी मारली की टणटण वाजायची.

ऐतवारी बांधावर ही गर्दी! मी सिद्धरामेश्वराचा धावा करत उभी. वारा आला, शीड फुगलं आणि नाव निघाली. वल्ही आत पडून हुती, कुणी हात लावला न्हाय. पलीकडं टेकली तशी पोरांनी अशी आरोळी ठोकली की माझे डोळेच भरून आले.

वल्हवत परत आल्यावर हेडमास्तरांनी खळीवरून बोट फिरवलं. "राहू द्या रुमाल गळ्यात. पण हे डोकं कुणाचं?"

"कमलम्मा!" मास्तरांनी हाक मारली. चारचौघांत त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. "चला, बसा नावेत."

"बाईमाणसाला कशाला?" हेडमास्तर म्हणाले.

"शीड तिचं हाय, साहेब. मान तिचाच."

मी पदर खोचला आणि बसले. या खेपेला बांधावरच्या बाया हसल्या न्हाईत. तलावाच्या मधोमध मागं वळून बघितलं, तर जल्मापासनं पंचवीस वर्सं ज्या सोलापुरात काढली ते मला पहिल्यांदाच असं पाण्यावरनं, लांबून दिसत हुतं.