दोन प्रती, एकाच पाटावर

मी संशयी बाई आहे. गॅस बंद केला का ते दोनदा बघते, कुलूप तीनदा ओढते, आणि माझं पोटही संशयावरच भरतं. लोकांच्या सर्व्हरवरचा डेटा एक दिवस जाणारच असं धरून चालायचं आणि त्याची प्रत दुसरीकडे ठेवायची, हे माझं काम. कुंभकोणमला मेलकावेरीतल्या घरात बसून मी दूरदूरच्या कंपन्यांची कामं करते. जवळचं काम एकच होतं, तिरुभुवनमच्या एका छोट्या रेशमी साड्यांच्या कारखान्याचं.

तिथले माग संगणकाला जोडलेले होते. काठ, पदर, बुट्ट्या, सगळी नक्षी धाग्याधाग्याने डेटाबेसमध्ये भरलेली, आणि माग तिथून वाचून विणायचे. नक्षी काढणारे एकच, सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना अय्या म्हणत, मीही. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने मिटत चालली होती. शेवटचा एक पदर त्यांनी तीन वर्षं खपून काढला होता, आलेखाच्या कागदावर, भिंग लावून, दिवसाला बोटभर. तो डेटाबेसमध्ये भरून झाला होता, पण अजून विणला नव्हता. नवी नक्षी विजयादशमीलाच मागावर चढवायची हा त्यांचा नियम. डोळे जायच्या आत तो पदर मागावर बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते येईल त्याला सांगत.

मालकांना इंटरनेटची धास्ती. नक्षी चोरीला जाईल म्हणून सर्व्हर बाहेर कशालाच जोडू देईनात. मग मी दोन डिस्क घेतल्या. रोज संध्याकाळी बॅकअप आपोआप एकीवर उतरायचा. दर शुक्रवारी ती मी घरी आणायची आणि घरची तिकडे लावायची. म्हणजे एक प्रत तिरुभुवनमला, एक माझ्या कपाटात. ‘बॅकअप झाला’ असा हिरवा संदेश बघून निर्धास्त होणाऱ्यांतली मी नाही. महिन्यातून एकदा लॅपटॉपवर अख्खा डेटाबेस परत उभा करायची, आकडे जुळवायची, आणि मालकांच्या अटीप्रमाणे लगेच पुसून टाकायची. दर वेळी सगळं बिनचूक निघायचं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरातलं जुनंपानं जाळतात. त्या वर्षी अय्यांनी मला कागदांचे गठ्ठे दाखवले. वरच त्या शेवटच्या पदराचे कागद होते.

“अम्मा, हे ठेवू का जाळू? वाळवी लागली आहे.” आमचं बोलणं तमिळमधून चालायचं.

“दोन ठिकाणी आहे की अय्या,” मी म्हणाले. “कशाला सांभाळत बसता?”

त्यांनी जाळले. सल्ला देताना माझं काय जात होतं?

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. फण्या, धोटे, कात्र्या, वह्या, सगळं पुसून, चंदनकुंकू लावून पाटावर मांडायचं आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, उचलायचं. तोवर हात लावायचा नाही. सर्व्हरही बंद करून पाटाशेजारी बसायचा. आदल्या दिवशी अय्यांचा फोन आला.

“तुझ्या घरची डिस्क पण आण, अम्मा. माझा हात तिच्यातही आहे. एकीला कुंकू आणि एकीला नाही, असं नको. दशमीला पदर चढवायचा आहे.”

दोन प्रती एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही, हा नियम माझाच. मी आईला सांगितलं. घरात आमची ती जुनी मराठी, पिढ्यानपिढ्या इकडेच राहिलेल्यांची, पुण्याचे पाहुणे हसतात ती. देवासमोरची फुलं काढता काढता आई म्हणाली, “एका दिवसानें काय होतें ग? सामीपुढें ठेवलेलें कोठें जातें?”

पण आईवर ढकलणार नाही. खरं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची मला लाज वाटली. डिस्क नेली, दुसरीच्या शेजारी ठेवली आणि माझ्याच बोटाने कुंकू लावलं.

दशमीच्या सकाळी मालकांचा फोन आला. समईतली जळती वात उंदराने ओढून नेली असावी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. माणसं वाचली. माग पलीकडच्या शेडमध्ये होते, तेही वाचले. पूजेची खोली तेवढी जळाली. नैवेद्याच्या चुरमुऱ्यांचा कोळसा झाला होता, सर्व्हरचा डबा काळा पडला होता आणि दोन्ही डिस्क वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. सर्व्हरच्या डब्यासकट मी त्या चेन्नईला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवल्या. काही निघत नाही अशी चिठ्ठी लावून परत आल्या.

बाकीच्या नक्ष्या विकलेल्या साड्या शोधून पुन्हा उतरवता आल्या. शेवटचा पदर कुठेच नव्हता.

मी अय्यांच्या पाया पडायला गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “मला पाठ आहे,” ते म्हणाले. “तू लिही.”

मग दर शुक्रवारी, डिस्क बदलायला जायचे त्याच वेळेला, मी त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसू लागले. ते डोळे मिटून सांगायचे, “दोन वर, एक खाली, पाच वर.” मी चौकोन भरायची. काठ धडाधड सांगितला. मधल्या पक्ष्याशी आल्यावर अडखळू लागले. बोटांनी हवेत मोजायचे, मागे जायचे, मागच्या खेपेचं या खेपेला बदलायचे. मी ओरडले नाही, एवढं एक मी नीट केलं. नक्षी पुरी होईतो त्यांना खिडकीचा उजेडही कळेनासा झाला होता.

पुढच्या दशमीला मागावर चढवलेला पदर विणून झाला तेव्हा मालकांनी तो अय्यांच्या मांडीवर पसरला. त्यांची बोटं काठावरून भराभर सरकली, पक्ष्याच्या मानेशी थांबली. पुन्हा काठापासून आली, पुन्हा तिथेच थांबली.

“अम्मा, दर महिन्याला तू हा उघडून तपासायचीस ना?”

“हो अय्या.”

“मग तूच सांग. मान अशीच होती?”

मी तपासायचे ते फाइलीचा आकार आणि आकडे. इतक्या वेळा तो पदर माझ्या लॅपटॉपवर येऊन गेला, पण चित्र म्हणून मी तो एकदाही उघडला नव्हता. बघितला असता तर निदान माझ्या डोळ्यांत तरी राहिला असता. मला माझीच किळस आली.

“अशीच होती,” मी म्हणाले.

त्यांनी हात काढून घेतला. “मग मीच विसरलो,” ते म्हणाले, आणि पदराची घडी घालायला मालकांना सांगितलं.