खाडीबाहेर थांबलेल्या सहा बोटी

बुऱ्हाणपुरात समुद्र कुठून आला, असं कोणी विचारलं तर त्याला सरळ सिंधीपुऱ्यात पाठवावं. देवराम चौधरीच्या घराचा जिना चढायचा आणि वरच्या खोलीत त्याच्या मुलीच्या, चारुलताच्या टेबलापाशी बसायचं. समुद्र तिथे आहे. कूलरची घरघर, खिडकीला ओला पडदा, टेबलावर दोन स्क्रीन, आणि स्क्रीनवर अरबी समुद्रापासून पार खाली, जिथे माणूसही राहत नाही त्या बर्फाळ पाण्यापर्यंतचा नकाशा. गल्लीतले लोक येताजाता खालून हाक मारतात, "क्यूं दीदी, आज समंदर कैसा है?" आणि चारू खिडकीत येऊन खरंच सांगते. चेष्टा करणाऱ्यालाही नीट उत्तर द्यायचं, हा तिचा स्वभावच आहे.

घर मूळचं केळीवाल्यांचं. इच्छापूरच्या वाटेला, तापीकाठी त्यांची बाग. चारू कॉलेजपर्यंत इथेच शिकली, मग पुण्याला जाऊन हवामानशास्त्र केलं आणि तिथल्याच एका कंपनीत लागली. ही कंपनी बोटवाल्यांना समुद्राचा अंदाज पुरवते. लॉकडाऊनमध्ये काम घरी आलं ते घरीच राहिलं. तिच्या वाट्याला कोकणातलं एक लहानसं बंदर आलंय. तिथल्या मच्छीमार सोसायटीला रोज पहाटे तिच्या आवाजात अंदाज जातो: वारा किती, लाट केवढी, जावं की थांबावं. तिच्या त्या चार वाक्यांवर तिकडे माणसं घर सोडतात. हे काय पोरखेळ आहे होय?

देवरामला मात्र लेकीचं काम कधी धड उमगलं नाही. त्याच्या लेखी हवामान म्हणजे वारा. केळीवाल्याला दुसरं काय दिसणार म्हणा. ऊन तो सोसतो, पाऊस सोसतो, पण ऐन मे महिन्यात वादळ सुटलं की घडाने वाकलेली झाडं कंबरेतून मोडतात आणि वर्षाची मेहनत मातीत लोळते. त्यामुळे या घरात लहानपणापासून एकच शिकवण: पान हललं की उठून बघायचं, पान हलत नसेल तर खुशाल झोपायचं. चारू हीच शिकवण घेऊन समुद्राचं काम करायला बसली, आणि तिथेच फसली.

पहिल्याच वर्षी असं झालं. आभाळ स्वच्छ होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. तिने अंदाज पाठवला, समुद्र शांत. आणि त्याच दुपारी खाडीच्या तोंडाशी एक बोट उलटली. माणसं पोहून निघाली, पण एका खलाशाची मांडी मोडली आणि तो पुन्हा कधी बोटीवर चढला नाही. संध्याकाळी वामन नाखव्याचा फोन आला. हा वामन म्हणजे त्या बंदरातला जुना बोटमालक, बाकीचे नाखवे त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. चारू बिचारी शिव्या ऐकायच्या तयारीने बसली होती. नाखव्याने आवाज चढवला नाही. त्याने एवढंच विचारलं, "ताई, वारा नव्हता हे तुमचं खरं. पण पाणी उठलं. तुमच्या अंदाजात पाणी कुठाय?"

त्या प्रश्नाने तिची झोप उडाली. जुने नकाशे उघडून ती मागे मागे जात राहिली तेव्हा उलगडा झाला. वारा होता, पण बंदरात नव्हता. तो होता हजारो मैल दक्षिणेला, आणि तोही आधीच्या आठवड्यात. तिथल्या वादळाने ढवळलेलं पाणी लांबच लांब लाटा होऊन अख्खा महासागर ओलांडून गुपचूप वर आलं होतं. खोल पाण्यात अशी लाट बोटीखालून निघून जाते तरी कळत नाही. उथळ पाणी लागलं की तीच लाट उभी राहते आणि फुटते. खाडीचं तोंड उथळ, म्हणून घात तिथे झाला. तेव्हापासून चारू रोज सकाळी आधी दक्षिणेकडचं पाणी बघते, वारा नंतर. नाखव्यालाही तिने कामाला लावलं. तोंडापाशी लाटा घाईने येतात की सावकाश, हे तो कळवायचा, सावकाश म्हणजे त्या लांबून आलेल्या, म्हणून तो तसं म्हणाला की हिचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

यंदाच्या मे महिन्याअखेरीस सगळी कसोटी लागली. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी जवळ आली होती, त्यामुळे वामनची आणि आणखी पाच बोटी शेवटच्या फेरीला खोल समुद्रात गेल्या होत्या. इकडे चारूला दक्षिणेतलं एक दांडगं वादळ दिसलं होतं. तिच्या हिशोबाने त्याच्या लाटा नेमक्या त्या दुपारच्या भरतीला किनाऱ्यावर भिडणार होत्या. बंदराला तिने सकाळीच कळवलं, पण बोटी फोनच्या टप्प्याबाहेर होत्या. त्या आत यायला निघायच्या आधी गाठ पडली नाही तर सहाच्या सहा बोटी खाडीच्या तोंडात सापडणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

दुपारी देवराम शेतावरून जेवायला आला. लाइट गेली होती, कूलर बंद, आणि चारू घामाने निथळत फोन लावत होती. शेवटी एकदाचा वामनचा फोन लागला. बोटी किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर होत्या, माशांनी भरलेल्या. नाखवा खुशीत होता.

"नाखवा, आत येऊ नका," चारू म्हणाली. "मागे फिरा आणि खोल पाण्यात थांबा. आजची रात्र बाहेरच काढा."

नाखवा म्हणाला, "ताई, किनारा समोर दिसतोय. पाणी तेलासारखं आहे. बर्फ सरत आलाय, माशांचं काय करू?"

"मासे जाऊ द्या. तोंडातून आत येऊ नका."

तो काही म्हणणार तोच फोन तुटला आणि पुन्हा लागेना. मागे फिरतो म्हणाला नाही, येतोच म्हणाला नाही.

देवराम दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याचं डोकंच फिरलं. वादळात माणसं घरी बोलावतात, आणि ही पोरगी चांगल्या हवेत माणसांना समुद्रात थांबायला सांगते. तो म्हणाला, बाहेर पान हलत नाही, आणि दारापर्यंत आलेल्या माणसाला तू परत पाठवतेस. चूक निघाली तर कुठे तोंड दाखवशील?

"चूक निघाली तर मासे सडतील, आबा," चारू म्हणाली. "मी गप्प बसले आणि खरं निघालं, तर माणसं जातील."

देवरामने ताटाकडे पाहिलंही नाही. तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला.

बोटींना बाहेर थांबायला सांगितल्याचं चारूने सोसायटीलाही कळवलं होतं, त्यावर तीन वाजता सेक्रेटरीचा फोन आला. बायका टोपल्या घेऊन जेट्टीवर उभ्या, व्यापाऱ्यांच्या गाड्या उभ्या, समुद्र आरशासारखा, आणि बोटींचा पत्ता नाही. बुऱ्हाणपूरच्या केळीवाल्या बाईने आम्हाला दर्या शिकवू नये, असं त्याने तोंडावर सुनावलं. आम्ही असतो तर त्याला दोन शब्द ऐकवले असते. चारूने ते सगळं गिळलं आणि एकच विनवणी केली: रागवा, पण जेट्टी रिकामी करा, बायकांना वर देवळापाशी न्या. सेक्रेटरी कुरकुरला. पण पहिल्या वर्षीची ती मोडलेली मांडी त्यानेही पाहिली होती, म्हणून त्याने तेवढं केलं.

भरतीच्या वेळी त्याचा पुन्हा फोन आला आणि त्याचा आवाजच बदललेला होता. वाऱ्याची झुळूक नसताना पाणी फुगून आलं होतं. खाडीचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत पांढरंशुभ्र फुटत होतं. एक लाट जेट्टीवरून आरपार गेली आणि टोपल्या, जाळी, बर्फाच्या पेट्या सगळं धुऊन घेऊन गेली. माणूस एकही गेला नाही, सगळे देवळापाशी होते. पण सहा बोटी कुठेच दिसत नव्हत्या. नाखव्याने चारूचं ऐकलं होतं की तो त्या पांढऱ्या पाण्यात शिरला होता, कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याचा फोन बंद लागत होता.

ती रात्र त्या घराने कशी काढली ते विचारू नका. चारूच्या आईने, रंभाबाईने, दोनदा ताटं वाढली आणि दोनदा झाकून ठेवली. देवराम एकदाही म्हणाला नाही की मी सांगत होतो. त्याला आता आपल्या लेकीचं खरं व्हावं एवढंच हवं होतं.

सकाळी चारू तोंड धुवायला खाली गेली आणि फोन वाजला. देवरामने झडप घालून उचलला. वामन नाखवाच होता. कोण बोलतंय म्हणून त्याने विचारलं.

"मी चारुलताचा बाप," देवराम म्हणाला. जन्मभर सगळ्यांनी तिला देवरामची पोरगी म्हणून ओळखलं होतं. आज पहिल्यांदा त्याने आपली ओळख तिच्या नावाने दिली.

नाखव्याने सांगितलं, सहाही बोटी सलामत आहेत, सगळी माणसं सलामत आहेत. फोन तुटल्यावर त्याने बोटी मागे वळवल्या होत्या. मासे सगळे गेले. रात्रभर दुरून खाडीच्या तोंडाचा गडगडाट ऐकू येत होता, आणि खलाशी एकमेकांकडे बघत होते. "आता तोंडाबाहेर उभे आहोत," तो म्हणाला. "पाणी बसल्यासारखं दिसतंय. जेट्टीवरून सगळे हात करून बोलावतायत. पण आम्ही हलणार नाही. ताई सांगतील तेव्हाच आत."

चारू वर आली तेव्हा बाप उभा होता. त्याने दोन्ही हातांनी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "सहा बोटी तुझ्यासाठी खोळंबल्यात, बाई."

एवढं ऐकून कोणीही आनंदाने "या" म्हणून टाकलं असतं. चारूने नाही म्हटलं. तिने स्क्रीन पाहिली, लाटा कशा येताहेत ते विचारलं आणि सांगितलं की ओहोटीचं पाणी अजून बाहेर पडतंय, लाटा त्याला आडव्या उभ्या राहतील, भरती लागू द्या. घर समोर दिसत असताना सहा बोटी पुन्हा थांबल्या. जेट्टीवरही कोणी हाका मारेना. देवराम चहा घेऊन आला आणि तिच्या कोपराशी ठेवून बाजूला उभा राहिला.

पाणी आत वळलं तेव्हा तिने फोन लावला.

"या, नाखवा," ती म्हणाली.

आणि एकामागून एक सहा बोटींची इंजिनं सुरू झाल्याचं सिंधीपुऱ्यातल्या त्या खोलीत ऐकू आलं.