लॅपटॉपचं कपाळ

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली, तिथे त्या दिवशी लेथपासून हातोडीपर्यंत सगळ्यांना हार असायचा. निवृत्त झाल्यावर हत्यार म्हणून माझ्याकडे एक जुना लॅपटॉप तेवढा उरला. गेल्या नवमीला बायकोनं पाटावर विळा, कात्री, पाना मांडला, तेव्हा मीच तो नेऊन शेवटी ठेवला. ती ओलं कुंकू बोटावर घेऊन अडली.

"याचं कपाळ कुठं असतंय?"

ती झाकणावरच लावणार होती. मी झाकण उघडलं, पडद्याच्या वरच्या पट्टीवर मधोमध बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथं. एवढं कळत नाही?" तिनं निमूटपणे तिथं लावलं, वर दोन तांदूळ टाकले. दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं पट्टी पुसली आणि विसरून गेलो.

त्याच आठवड्यात ती लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली. घरातला मोठा फोन तिचा, तो तिच्याबरोबर गेला. माझा बटणांचा. त्यावर मी "हां, हूं, ठेवतो" याच्या पुढे कधी गेलेलो नाही. माणूस समोर दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही. म्हणून ठरलं की रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, लॅपटॉपवरून बोलायचं.

पहिल्याच रविवारी बायको पडद्यावर आली. अंगात लेकीचा स्वेटर, त्यावर पदर. मला भरून आलं. मी बोललो, आणि ती म्हणाली, "अहो, बोला की. नुसते ओठ हालवायले."

माझा आवाज जात नव्हता. माइक मेला होता.

आता माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. दहा वर्षांपूर्वी हट्टानं टाकलं आणि तेव्हापासून त्याची तरफदारी करत आलोय. औरंगपुऱ्यात दुरुस्तीवाल्याकडे नेलं, तर त्यानं पडदा बघितला आणि हात झटकले. "अंकल, ये निकाल डालो, विंडोज डालो. सब चलेगा." मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटरला किक मारली. लेक म्हणाली, "पप्पा, एक हेडफोन आणा ना, माइकवाला." मी टाइप केलं, लॅपटॉपला स्वतःचा माइक असताना दुसरा कशाला? जिरलेली नव्हती अजून माझी.

मग मी कामाला लागलो. टर्मिनल, म्हणजे यंत्राला हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडलं. यंत्रणेला माइक दिसत होता, त्याचं नावगाव नीट होतं, ड्रायव्हर चढलेला होता. पाच सेकंद रेकॉर्ड करून ऐकलं की नुसती खरखर यायची. आवाजाची पट्टी वर केली, खाली केली, शून्यावर नेली, परत आणली. जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले तोडगे वाचले. कुणी म्हणे एका फाइलमध्ये एक ओळ वाढवा, कुणी म्हणे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जुना टाका. जुना टाकला तर वायफायच बंद पडलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या रविवारी तिचं दर्शनसुद्धा झालं नाही आणि मी दिवसभर कुणावर तरी चिडून होतो. घरात दुसरं कुणी नव्हतंच.

वायफाय परत आलं, माइक नाही. मग आमचं असं चालायचं: ती बोलायची, मी ऐकायचो. पहिला प्रश्न ठरलेला, "नळ आला होता का?" मी एका बोटानं 'आला, टाकी भरली' टाइप करेपर्यंत ती नातीच्या मालिशवरून तिकडच्या थंडीवर, थंडीवरून गंगापूरच्या तिच्या भावजयीवर पोचलेली असायची. एवढं सलग बोलताना मी तिला लग्नापासून ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? तिचं वाक्य अर्ध्यात तोडायची माझी सवय. आता तोडता येत नव्हतं, आणि बाई किती गमतीचं बोलते हे मला साठीत कळत होतं.

हळूहळू मीही बोलायला लागलो. ऐकू जात नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. आमटीत मीठ विसरतो म्हणून सांगितलं. चहा अजून दोन कप टाकला जातो म्हणून सांगितलं. एकदा तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "करमत नाही गं." ती हसली. "काय पुटपुटायले कोण जाणे."

फेब्रुवारीत एका रविवारी ती म्हणाली, "पोरगी म्हणती, अजून तीन महिने ऱ्हाय. तिला कामावर जायचंय. पुढच्या रविवारपर्यंत तिकिटाचं सांगावं लागतंय. तुम्ही सांगा, येऊ का थांबू?"

मी टाइप केलं, 'तुझी मर्जी.'

तिनं ते वाचलं. "बरं," म्हणाली आणि नातीच्या लंगोटांच्या घड्या घालायला लागली.

तो आठवडा मला घर खायला उठलं. मला 'ये' म्हणायचं होतं. पण 'ये' टाइप केलं की हुकूम वाटतो, आणि 'करमत नाही' टाइप केलं तर जावई वाचणार. ते आवाजातच सांगायला हवं होतं. रविवारी सकाळी मी शेवटचा उपाय म्हणून लॅपटॉप उघडून माइकची वायर बघायची ठरवली. उजेडासाठी गच्चीवर घेऊन गेलो. चष्मा लावून पट्टीवरचा स्क्रू शोधत होतो, तर कॅमेऱ्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसलं. माइकचं भोक. ते लाल होतं.

आधी गंज वाटला. तिच्या शिलाईच्या डब्यातली सुई आणून अलगद टोकरलं. बोटावर घेतलं. कुंकू होतं. नवमीचं, वाळून दगड झालेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिनं विचारलं होतं कपाळ कुठं असतंय, आणि मी शहाण्यानं तिचं बोट बरोबर तिथं नेलं होतं. उन्हात बसून मी ते बोट कितीतरी वेळ बघत राहिलो. पुसवेना.

खाली येऊन रेकॉर्ड करून बघितलं. काही नाही. आता खरखरसुद्धा नाही. मी सुईनं माइक फोडला असणार, असं धरून झाकण मिटलं.

संध्याकाळी ती पडद्यावर आली. "नळ आला होता का?" मी मान हलवली. "मग काय ठरवलं?" मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि परत उचलली. नेहमीसारखा नुसताच बोललो. "काय ठरवणार? करमत नाही गं तुझ्याशिवाय. बिलकुल करमत नाही."

तिच्या हातातला लंगोट तसाच राहिला.

"काय म्हणले?"

माझं बोलणं तिकडे पोचलं होतं. खटपटीत मीच माइकच्या आवाजाची पट्टी शून्यावर ठेवून विसरलो होतो, आणि कॉलचा प्रोग्राम ती आपली आपण वर ओढून घेतो, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच सुचलं, "माइक चालू झाला वाटतं."

"माइकचं कोण विचारतंय? परत म्हणा."

तिच्यामागे जावई चहाचा कप घेऊन उभा होता. लेक मांडीवर नातीला थोपटत होती, डोळे झोपेनं सुजलेले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"करमत नाही," मी म्हणालो.

तिनं पदर डोळ्यांना लावला. "मग येते की. सांगायला काय झालतं?"

तेवढ्यात नात रडली, लेक तिला घेऊन उठली आणि जाता जाता भिंतीला टेकली. मी ते बघितलं. ज्या आवाजासाठी मी चार महिने टर्मिनलशी भांडलो होतो, तो परत आला होता आणि 'ये' ओठांवर होता.

"थांब तू," मी म्हणालो. "पोरीला गरज आहे."

ती थांबली आहे. मे संपेपर्यंत. आवाज आता खणखणीत जातो. दर रविवारी नळाचं विचारून झालं की ती जरा पडद्याजवळ येते आणि हळूच विचारते, "अजून करमत नाही?"

"अजून," मी म्हणतो.