आत्याने तळं धुतलं

आमची आत्या जन्मभर लोकांचे डाग काढत आली. कॉलरचा मळ, बाहीवरची शाई, गंजाचे ठिपके, काहीही आणा. तिच्या लाँड्रीत आलं की ते गेलंच म्हणून समजा. मी तिथे काउंटरवर बसते, पावत्या फाडते आणि तिची बोलणी खाते. पगार बोलणी खाण्याचाच मिळतो, पावत्या मी फुकट फाडते.

तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, लिफ्ट दुरुस्त करायचे. सारं आयुष्य अंधाऱ्या खोबणीत तारांशी झटापट करण्यात गेलं. म्हणून की काय, निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी मागच्या अंगणात तळं खणलं आणि त्यात कोई नावाचे जपानी मासे सोडले. हातभर लांब, केशरी, पांढरे, एक काळ्या ठिपक्यांचा. संध्याकाळी आतोबा काठावर बसून हात पाण्यात सोडायचे, आणि मासे सावकाश येऊन बोटांना ओठ लावून जायचे. भूक-तहान विसरून बसायचा माणूस. वरून आत्या ओरडायची, "अहो, त्या माझ्या सवतींना म्हणावं, नवऱ्याला जेवायला तरी सोडा!"

पानगळीच्या दिवसांत आतोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायला लागले. वरच्या खोलीत त्यांचा पलंग खिडकीशी लावला. खाली न्यायची गोष्ट काढली की तोंड भिंतीकडे. लाजत होते बिचारे, दुसरं काय! व्यायाम करून घेणारी बाई आत्याला बजावून गेली, "यांना रोज उठवून बसवा. नुसते पडून राहिले, तर कायमचे पडतील." आणि आतोबा उठून बसायचे ते फक्त तळं बघायला. तेव्हा तळं सांभाळणं आत्याच्या गळ्यात पडलं.

खिडकीतून ते डावा हात हलवायचे, खालून आत्या अर्थ लावायची. पानं पडून कुजू नयेत म्हणून जाळी पसर. गारठा वाढला, आता दाणा बंद. "उपाशी मरतील हो!" आत्या ओरडली. हात पुन्हा आडवा हलला. थंड पाण्यात त्यांना पचत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आत्याला सांगणार कोण? आमच्याकडे थंडी कडाक्याची; एके सकाळी पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली. ती फोडायला आत्या मोगरी घेऊन निघाली, तर वर काचेवर धडाधड थापा. घाव घातला की त्याचा दणका माशांना बसतो म्हणे. मग तिने गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून ठेवलं, आणि त्याखाली हळूहळू एक गोल डोळा उघडला.

ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. लाँड्रीतून मी वाफेने भिजलेल्या अंगाने यायची आणि त्या गोलातून आत बघायची. तळाशी मासे एकमेकांना टेकून उभे. कल्ला हलतोय की नाही, तेही कळायचं नाही. वर खिडकीत आतोबा, तसेच. स्वयंपाकघरातला नळ थांबला की घरात काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आपण सगळेच त्या पाण्याखाली जाऊन बसलो आहोत असं वाटायचं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

मग ऊन तापायला लागलं. मासे हलले. एका दुपारी आतोबांचा डोळा लागला होता, आणि आत्याच्या अंगात आलं. यांना जरा खूश करू या, म्हणाली. तळ्याचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरमधला स्पंज तिने बाहेर काढला, काळाकुट्ट, बुळबुळीत. "शी! ह्यात जगतात यांच्या लाडक्या?" नळाखाली धरून तिने तो असा काही चोळला की पांढराफेक. भिंतीवरचं शेवाळ खरवडलं. अर्धं पाणी उपसलं आणि नळाला पाइप लावून सरळ नवं भरलं. तळाचा खडा न्‌ खडा दिसायला लागला.

आतोबा जागे झाले, बसले, खाली पाहिलं. आत्या कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी. त्यांनी काचेवर थापा मारायला सुरुवात केली. "ना... ना..."

"मरू दे मेलं! या घरात करावं ते चुकतंच!" म्हणून आत्या रागारागाने आत गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, हवा गिळत होते. आत्याचा चेहराच उतरला. तिने मासेवाल्याला फोन लावला. आतोबांनी मासे त्याच्याकडूनच आणलेले.

"काकू, स्पंज धुतलात का?"

"लख्ख!"

"अरे देवा. अहो, त्या मळातच सगळा जीव असतो. माशांची घाण तोच खातो. आणि नळाच्या पाण्यातलं औषध उरलंसुरलं मारतं. साबण नाही ना लावला?"

"तेवढी अक्कल आहे मला."

"मग या. माझ्या टाकीतला मळका स्पंज देतो, पाण्यातलं औषध मारायची पूड देतो. आणि काकू, तो स्पंज धुऊ नका हं!"

लाँड्री माझ्यावर सोडून आत्या बादली घेऊन गेली. येताना बसमध्ये मांडीवर ती बादली, त्यात तो घाणेरडा स्पंज. लोक नाक धरून सरकले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे घाण मागायला गेले गं," घरी आल्यावर मला म्हणाली. हसली नाही.

मग ती काठावर बसली. तांब्या भरायचा, उंचावरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. पुन्हा तांब्या, पुन्हा धार. जेवण तिथेच. काळ्या ठिपक्यांचा गेला, एक पांढराही गेला. कुंपणापाशी पुरताना आत्या ढसाढसा रडली. "हे मासे गेले ना, तर हे उठून बसायचे नाहीत. माझ्या हातांनी मी यांना आडवं केलं असतं गं."

बाकीचे तगले. धारेखाली येऊन थांबायला लागले, मग तिच्या बोटांतून दाणा घ्यायला लागले. पण उन्हाने पाणी हिरवंगार झालं आणि वरून काहीच दिसेना. आतोबांनी दोन मासे पुरताना पाहिलेले. त्यांना वाटलं, सगळे गेले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि बसायचं सोडलं.

"आहेत हो, शपथ!" आत्या रोज सांगायची. ते डोळे मिटून घ्यायचे. समजूत घालते आहे, असंच वाटत असणार त्यांना. शेवटी तिचं डोकं फिरलं. "मी कधी खोटं बोलले तुमच्याशी? या खाली, बघा डोळ्यांनी! नसले तर मला ढकलून द्या त्यात!" आणि दार आपटून खाली येऊन बसली.

बऱ्याच वेळाने जिन्यात धप्प आवाज झाला. मग पुन्हा. आतोबा बसल्या बसल्या, एका हाताने कठडा धरून, पायरी पायरी उतरत होते. मी धावले, तर आत्याने माझा पदर धरून मला थांबवलं.

शेवटच्या पायरीपासून आम्ही दोघींनी त्यांना धरून तळ्यापर्यंत नेलं. काठावर टेकून त्यांनी डावा हात पाण्यात सोडला, शेजारी बसून आत्यानेही. हिरव्या पाण्यात कुठूनतरी केशरी उजळलं. मोठा मासा वर आला, त्यांच्या बोटांना वळसा घालून पुढे गेला आणि पाण्यात बुडालेल्या आत्याच्या हाताला ओठ लावून थांबला. मागोमाग दुसरा, तिसरा.

चोरी पकडल्यासारखा आत्याने हात झटकन बाहेर घेतला. आतोबांचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते, आवाज काढून, किती दिवसांनी! त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिचा हात पुन्हा पाण्यात नेला, खाली आपला ठेवून.

"मला नकोत हो ते," आत्या म्हणाली. तिचं नाक वाहत होतं; एक हात पाण्यात, दुसऱ्याने आतोबांना सावरलेलं, पुसायला हात मोकळा नव्हता. "तुम्ही बसा. एवढंच करा माझ्यासाठी. रोज बसा."

आतोबांचे ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले.

"ब... बसतो," ते म्हणाले.